रस्टी आणि रिकामे हात

नोव्हाय, मिशिगन
रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

प्रिय गिरजाताई,

जय भीम. मायलाही माझा जय भीम सांग आणि तिचा गुडघा आता कसा आहे ते कळव. इथे शैलेंद्र आणि मी, दोघं बरे आहोत. थंडी सुरू झाली आहे. झाडांची पानं सगळी गळाली, बर्फ अजून पडलं नाही.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या हातचं. चार ओळी, आणि चौथी ओळ कागदाच्या कडेला पोचता पोचता खाली उतरत गेलेली. मी ते आधी उभ्यानेच वाचलं आणि मग बसून वाचलं. विहारातल्या तुमच्या वर्गाच्या बाईंना माझा जय भीम सांग. तू लिहिलंस, 'आता तुझं पत्र मी वाचीन. एकनाथमामाला देणार नाही.' म्हणून हे मोठ्या अक्षरात लिहिते आहे. जोडाक्षरं कमी घालायची असं ठरवलं होतं, पण या पत्रात सगळीकडे कुत्राच आहे, त्याला मी काय करू! अडलीस तर तेवढा शब्द सोडून पुढे जा. पण मामांना दाखवू नकोस. आजवरचं माझं प्रत्येक पत्र त्यांनी ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं आणि अर्धी गल्ली ऐकायला बसली. त्यामुळे मीही गल्लीला ऐकवण्याजोगीच पत्रं लिहीत आले.

आता आधी चूक दुरुस्त करते, मग बाकीचं.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की खालच्या मजल्यावरची सुचित्रा कोटाच्या खिशात बिस्किटं लपवून आणते, आणि म्हणून आमचा रस्टी तिला पाहिलं की वेड्यासारखा धावतो. ते खरं नाही. ती काही आणत नाही. मी तिचे खिसे पाहिले.

कसे पाहिले तेही लिहिते, नाहीतर दुरुस्ती अर्धीच होईल. एके दिवशी ती आमच्याकडे चहाला आली होती. कोट दाराजवळच्या कपाटात टांगलेला. ती बाहेरच्या खोलीत शैलेंद्रशी बोलत होती. मी कप आणते म्हणून उठले आणि कपाटात डोकं घातलं. डाव्या खिशात एक हातमोजा आणि गाडीची किल्ली. उजव्या खिशात गाठी मारलेली जुनी दोरी, रस्टीच्या दातांनी पिंजलेली. मी खिसा उलटा केला. चुरासुद्धा नाही. ताई, मी नाक लावून वास घेतला. ओल्या पानांचा वास आला. वर पाहिलं तर रस्टी समोर उभा. शेपूट न हलवता, मान तिरकी करून माझ्याकडे बघत होता.

"विशाखा, काय शोधतेयस गं?" सुचित्राचा आवाज आला.

"हँगर," मी म्हटलं.

तर असं आहे. तिचे हात रिकामे असतात आणि तरी तो तिच्याकडे धावतो. हे मला बिस्किटांपेक्षा जास्त लागलं. बिस्किटं असती तर मी जास्त बिस्किटं दिली असती.

रस्टी तुला फोटोतून माहीत आहे. 'एवढं मोठं वासरू घरात कसं ठेवतात' असं माय म्हणाली होती, तो. शैलेंद्र लग्नाआधी एकटा राहत होता तेव्हापासूनचा. म्हणजे या घरात तो माझ्या आधी आला. मी आले तेव्हा जानेवारी होता, बाहेर गुडघाभर बर्फ. शैलेंद्र सकाळी अंधारात गाडी काढायचा आणि संध्याकाळी अंधार पडल्यावर यायचा. मधला सगळा दिवस मी आणि हा. मला त्याची भीती वाटायची. मी स्वयंपाकघराचं दार लावून पोळ्या करायची, तो दाराबाहेर बसून राहायचा. एकदा पोळ्या संपत आल्या आणि परातीत थोडी कणीक उरली. मला मायची ती शेवटची लहान भाकरी आठवली. कुत्र्याची. आपल्याला पुरो न पुरो, ती थापली जायचीच. आठवतं, तू एकदा म्हणालीस, 'माय, आज ती मला दे'? मायने तुला स्वतःच्या ताटातली काढून दिली, पण कुत्र्याची दिली नाही.

तेवढीच लहान पोळी मी लाटली, दार किलकिलं करून बाहेर टाकली. त्याने खाल्ली आणि आत येऊन माझा हात चाटला. या देशात आपणहून मला शिवलेला तो पहिला जीव.

मग ते तसंच चालू राहिलं. आला की तुकडा. 'बस' म्हटलं आणि बसला, तुकडा. बेल वाजल्यावर भुंकला तरी तुकडा, भुंकायचा थांबला तरी तुकडा. तूप लावून. शैलेंद्र हसायचा. "अगं, कुत्रा आहे तो, जावई नाही. आणि जावयाला तरी कामठीत एवढं तूप कुठे मिळालं होतं?" हे तू मायला वाचून दाखवू नकोस.

सप्टेंबरात एके दिवशी रस्टी जिना चढताना मधेच बसला. उठेना. आम्ही त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. बाई म्हाताऱ्या, पण हात खमके. त्याच्या अंगावरून हात फिरवत त्या मला म्हणाल्या, याच्या बरगड्या कुठे आहेत ते मला शोधून दाखव. मला सापडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हे सगळं वजन त्याच्या छातीवर आणि कमरेवर येतं आहे, असंच चाललं तर फार काळ काढणार नाही. दोन वेळचं मोजून घाला. वरचा खाऊ पूर्ण बंद. रोज चालवा, पळवा, आणि त्याच्या डोक्याला काहीतरी काम द्या. म्हणाल्या, तो दिवसभर मागतो ते भूक लागली म्हणून नाही, करायला काही नाही म्हणून. मग कागदावरून मान वर करून त्यांनी विचारलं, "याला खायला कोण घालतं?"

"आम्ही दोघंही," शैलेंद्र म्हणाला.

खोटं होतं ते. पण ते खोटं मी जन्मभर विसरणार नाही.

आता सुचित्राबद्दल लिहायचं. लिहायचं टाळत होते म्हणून आधी कुत्र्याचं पुराण लावलं.

ती पुण्याची. तिची आजीसुद्धा शिकलेली. घरी लहानपणापासून कुत्री. इथे ती एका वाचनालयात काम करते. तिचा नवरा राजीव कामासाठी महिन्यातला निम्मा वेळ दुसऱ्या राज्यात असतो. ती रोज सकाळी पळायला जाते, पुरुषांसारखे बूट घालून. रस्टीची गोष्ट कळल्यावर ती वर आली आणि दारातूनच म्हणाली, "अरे शैलेंद्र, मी नेते ना याला! मलाही कंपनी होईल. तू पण ये संध्याकाळी, तुझंही पोट सुटायला लागलंय."

अरे शैलेंद्र. तिने त्याला ओळखून वर्षही झालं नव्हतं. मी या पत्रात त्याचं नाव सरळ लिहिते आहे, पण तोंडाने अजून 'अहो'च्या पुढे गेले नाही. त्याने कधी नको म्हटलेलं नाही. माझीच जीभ उचलत नाही.

ती रस्टीला कशी खेळवते हे मी खिडकीतून पाहत असे. आमच्या इमारतीच्या मागे थोडी झाडं आहेत. ती रोज वेगळ्या वाटेने जाते. रस्टीला एखाद्या ठिकाणी वास घ्यायचा असला तर ओढत नाही, थांबते, जणू तो पेपर वाचतो आहे. ती गाठींची दोरी पानांत पुरते आणि त्याला शोधायला लावते. सापडली की दोघं दोन टोकांनी ओढतात. कधी ती जिंकते, कधी त्याला जिंकू देते. शेवटी खाली बसून दोन्ही हातांनी त्याची छाती खाजवते आणि त्याच्याशी काहीतरी बोलते. बस. एवढंच. आणि तो माझा लोळत पडणारा रस्टी झाडाआडून झाडाआड असा पळायचा की पानं उडायची. तीन आठवड्यांत त्याची कंबर दिसायला लागली.

संध्याकाळी शैलेंद्रही जायला लागला. परत आला की गाल लाल, दम लागलेला, खूष. आणि जेवताना, "सुचित्रा म्हणते, कुत्र्याला खाऊपेक्षा काम आवडतं." "सुचित्रा म्हणते, त्याला रोज एक नवीन गोष्ट दाखवायची." मी पोळ्या वाढत असे. एकदा मी म्हटलं, "सुचित्राला विचारा, भाजीत मीठ बरोबर आहे का." तो मोठ्याने हसला. त्याला विनोद वाटला.

मला का नेलं नाही, असं तू विचारशील. नेत होते. दोघंही रोज म्हणायचे, चल. मी म्हणायची, स्वयंपाक आहे. आणि तवा तापत ठेवून खिडकीशी उभी राहायची.

अजून एक सांगते, मग तिच्याबद्दल तूच काय ते ठरव, कारण मला ठरवता येत नाही. एकदा रस्टी माझ्या हाताचा वास घेत होता. ती हसून म्हणाली, "तुमच्याकडे ना विशाखा, सगळं प्रेम खाण्यातच करतात." तुमच्याकडे म्हणजे कुठे? नागपूरकडे? की आपल्यात? तिच्या तोंडावर काही वाईट नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र ते दोन दिवस फिरत राहिलं. मी तिच्यावर अन्याय करत असेन. पण मला वाटलं ते असं.

तिच्यासारखं करून पाहावं म्हणून मी एकदा घरात रस्टीला हाक मारली. हातात काही घेतलं नाही. तो आला. डाव्या हाताचा वास घेतला, उजव्या हाताचा घेतला. माझ्याकडे पाहिलं. थोडा थांबला आणि जाऊन दाराकडे तोंड करून बसला, तिच्या बुटांचा आवाज येण्याची वाट बघत. ताई, मी लगेच डबा उघडला आणि त्याला आख्खी पोळी दिली.

यानंतरचं लिहायला मला लाज वाटते, पण तू आता मधल्या माणसाशिवाय वाचतेस, म्हणून लिहिते.

ऑक्टोबरच्या शेवटी एका संध्याकाळी, ती यायच्या थोडं आधी, मी रस्टीला पोटभर खायला घातलं. पोळ्या, भात, मटणाचा रस्सा. मुद्दाम. तो पळणार नाही, तिच्या दोरीकडे बघणारही नाही, एवढंच मला हवं होतं. आणि तसंच झालं. ती झाडांत उभी राहून हाका मारत होती आणि हा पानांत बसून राहिला. मी वरून बघत होते. मला आनंद झाला. खोटं लिहीत नाही, फार आनंद झाला.

मग तिने दोरी टाकली आणि स्वतःच पळत सुटली, आणि तो उठला. तशा भरल्या पोटाने तिच्यामागे धावला. दोन झाडं गेला नसेल, पाय दुमडून पडला. मी जिना कशी उतरले ते आठवत नाही. तो तिच्या बुटांवर ओकत होता, डोळे पांढरे झालेले. शैलेंद्र त्याचं डोकं धरून बसला होता. पानांवर काय पडलं होतं ते त्याने पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

सुचित्रा म्हणाली, "काहीतरी उचलून खाल्लं असेल रे बाहेर." तिलाही दिसलं होतं. भाताची शितं कुणाला दिसत नाहीत? तिने मला झाकलं. त्या रात्री मला तिचा जास्तच राग आला.

रस्टी वाचला. डॉक्टरबाईंनी त्याला एक दिवस ठेवून घेतलं. घरी येताना शैलेंद्र गाडीत एवढंच म्हणाला, "काही दिवस तो खाली राहू दे सुचित्राकडे." मी मान हलवली.

तेव्हापासून तो खाली आहे. आमच्या स्वयंपाकघराखाली तिचं स्वयंपाकघर. त्याची नखं फरशीवर वाजतात ते मला ऐकू येतं. ती घरी आली की त्याची शेपूट कशावर तरी धपधप आपटते, तेही येतं. मी पोळ्या लाटायची थांबते आणि ऐकते. मग लाटते. शेवटी थोडी कणीक उरते, तिचं काय करावं ते कळत नाही.

आता खरी गोष्ट. राजीव आणि सुचित्राने गावाच्या दुसऱ्या टोकाला घर घेतलं आहे, मागे कुंपण घातलेलं मोठं अंगण. या महिन्याच्या तेवीस तारखेला, रविवारी, ती दोघं जाणार. तिने शैलेंद्रला विचारलं, "रस्टीला मी कायमचाच नेऊ का? त्याला अंगण मिळेल." शैलेंद्र म्हणाला, विशाखाला विचारतो. त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल ते."

आणि दुसऱ्या दिवशी, किराणा आणायला जाताना, गाडीत मी त्याला विचारलं, "तुम्हाला सुचित्रा आवडते का?"

"आवडते म्हणजे?"

"म्हणजे तेच."

तो हसायला लागला. मग त्याने माझं तोंड पाहिलं आणि हसायचा थांबला. वळायचा रस्ता मागे गेला तरी सरळच जात राहिला.

"विशाखा, ती बोलते, म्हणून मी बोलतो. तुला काय हवंय ते मला कधी कळतच नाही यार. आपलं लग्न झाल्यापासून तू मला एकदा तरी 'नको' म्हणालीस? सिनेमा कुठला, तर तुम्ही म्हणाल तो. सुट्टीत कुठे, तर तुम्ही म्हणाल तिथे. रस्टीला देऊन टाकू का, तर तुम्हाला योग्य वाटेल ते. निदान कुत्र्यासाठी तरी भांड माझ्याशी!"

मला भांडता येत नाही, ताई. मला उत्तरं देता येतात. कुणी प्रश्न विचारला की समोरच्याला कुठलं उत्तर हवं आहे ते मला आधी कळतं, आणि मी ते देते. शाळेत याचे मार्क मिळायचे.

पत्र इथे दुपारी थांबवलं होतं. खाली जाऊन आले. का गेले ते आता लिहिते, कारण तेच लिहायला मी बसले होते.

गेल्या सोमवारी दुपारी सुचित्राचा वाचनालयातून फोन आला. पुढच्या पाळीची बाई आजारी, म्हणून तिला उशीर होणार. रस्टीला तेवढं बाहेर काढशील का, किल्ली पायपुसण्याखाली आहे. मी कपडे धुवायला टाकत होते, तशीच खाली धावले. दार उघडलं आणि मग लक्षात आलं की माझ्या हातात काही नाही. दुसऱ्याच्या घरी, तेही ज्या घरात आपलं लेकरू आहे अशा घरी, मी रिकाम्या हाताने आले. मायने आपल्याला कधी असं जाऊ दिलं होतं? गुळाचा खडा तरी ती पदराला बांधून द्यायची.

रस्टी आतल्या खोलीत होता. त्याच्या नखांचा आवाज आला, येत होता तो. आणि ताई, मी लपले. खरंच सांगते. घरभर सामान भरलेली खोकी होती, त्यातल्या एका उंच खोक्यामागे मी जाऊन बसले. त्याच्यासमोर रिकामे हात घेऊन उभं राहायची मला लाज वाटली. तो माझे दोन्ही हात हुंगेल आणि दाराकडे तोंड करून बसेल, ते मला पुन्हा बघायचं नव्हतं.

तो खोलीत आला. थांबला. मी श्वास धरून बसले. मग त्याने फरशी हुंगायला सुरुवात केली. दारापासून, माझ्या पायांच्या वाटेने. एका खोक्याभोवती फिरला, दुसऱ्यात डोकं घातलं, चुकला, परत दाराशी गेला, परत सुरुवातीपासून. फुस्स फुस्स आवाज करत. आणि एकदम खोक्याच्या बाजूने त्याचं ओलं नाक माझ्या कानाला लागलं. ताई, तो ओरडला. भुंकला नाही, माणसासारखा ओरडला. सगळं अंग हलवत होता, खोकं पाडलं, माझ्यावर चढला, उतरला, गोल फिरला, परत चढला. माझ्या तोंडून निघून गेलं, "धप्पा!"

किती वर्षांनी तो शब्द उच्चारला मी. विड्यांच्या पानांच्या गठ्ठ्यांमागे आपण लपायचो. तू मला नेहमी शोधून काढायचीस आणि पाठीत जोरात धप्पा घालायचीस.

मग मी त्याला बाहेर फिरवून आणलं, आणि आल्यावर पुन्हा लपले. पडद्यामागे. न्हाणीघरात. टेबलाखाली, तिथे तर माझा अर्धा पाय बाहेर दिसत होता. दर वेळी तो शोधायचा, आणि दर वेळी त्याला मी सापडले याचा तेवढाच आनंद व्हायचा. माझ्याकडे काही नव्हतं. तो हात हुंगायलाही थांबला नाही. शेवटी दोघांनाही धाप लागली. मी फरशीवर बसले, तो माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपला. हात फिरवला तर हाताला बरगड्या लागल्या. एकेक करून सगळ्या.

ही गोष्ट इथेच संपली असं लिहिलं तर छान होईल, पण मग पुढच्या पत्रात परत दुरुस्ती करावी लागेल. सुचित्रा आली. तिच्या बुटांचा आवाज जिन्यात आला तसा तो ताडकन उठला आणि माझ्या पायांवरून उडी मारून तिच्याकडे धावला. तशीच शेपूट, तसाच आनंद. मला वाईट वाटलं. हेवा गेला असं मी लिहिणार नाही.

ती खोकं पडलेलं बघून म्हणाली, "हे काय झालं?"

"लपाछपी खेळलो."

"हे मला नाही सुचलं कधी," ती म्हणाली. आणि आता रोज दुपारी जमेल का, असं तिने विचारलं. मी हो म्हटलं. या वेळी मात्र ते उत्तर मलाही हवं होतं.

ताई, आता तुला एक विचारते. बाबा मला पाढे म्हणायला लावायचे आणि पाढा चुकला नाही की उकडलेलं अंडं द्यायचे. तू शेजारी सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसलेली असायचीस. मी ते अंडं तुझ्यासमोर खायची. तुला माझा हेवा वाटला नाही का? माय म्हणते, गिरजाला तुझं कौतुकच होतं. मी ते आजवर खरं धरलं, कारण तसं धरणं सोयीचं होतं. पण मला एका बाईचा केवढा हेवा वाटतो ते पाहिल्यावर आता ते खरं वाटत नाही. वाटला असेल तर लिही. वाईट अक्षरात लिही, चुकीचं लिही, पण लिही. आता तुला कुणाच्या तोंडून सांगायला नको.

आणि तुझ्या वर्गात तुला कुणी अंडं देत नाही. दिवसभर विड्या वळून झाल्यावर तू तशीच जातेस. हे माझ्या ध्यानात यायला एक कुत्रा लागला.

आता मी काय करणार ते सांगते. शैलेंद्र काल कंपनीच्या कामाला दुसऱ्या कारखान्यात गेला आहे, ओहायोला. एकवीस तारखेला, शुक्रवारी परत येईल. त्याच्या माघारी मी रस्टीला वर आणू शकते, किल्ली माझ्याकडे आहे. पण ते मला करायचं नाही. ते परत लपूनछपूनच होईल. तोवर मी रोज दुपारी खाली जाणार, आणि काही घेऊन जाणार नाही. मागच्या झाडांतल्या वाटाही शिकते आहे. काल एकटीच गेले होते, बूट घालून. कुठे पानांखाली दोरी पुरता येईल ते पाहून ठेवलं. दोरी मी माझी केली आहे, जुन्या साडीच्या काठाची, तीन गाठींची.

तो आला की त्याला नावाने हाक मारून सांगणार, शैलेंद्र, नको. रस्टीला द्यायचं नाही. तो आपला आहे, त्याला अंगण नसलं तरी मी आहे. मग खाली जाऊन सुचित्राला तेच सांगणार, आणि तिचे आभार मानणार. आभार मला मनापासून मानता येतील का, ते तिथे उभी राहिल्यावरच कळेल. मग रस्टीला घेऊन जिना चढणार. खिशात काही असणार नाही. तो मागे वळून तिच्याकडे बघेल, कदाचित परतही जाईल. गेला तर मी जिन्यात लपेन.

मी घाबरट आहे, हे तुझ्याएवढं कुणाला माहीत नाही. म्हणून दिवस लिहून टाकते. पत्र पोचायला बारा-तेरा दिवस लागतात, म्हणजे तू हे अक्षर अक्षर लावत वाचत असशील त्याच सुमारास मी खाली उतरत असेन. मग मला मागे फिरता येणार नाही, कारण तू वाचलेलं असशील.

शनिवार, बावीस नोव्हेंबर, सकाळी.

रिकाम्या हातांची,
तुझी विशाखा